चियांग मायला, पोरांच्या तालावर

थायलंडचं नाव निघालं की आपल्या घरांत एक ठरावीक शांतता पसरते. मुलगा म्हणतो, ‘मित्र थायलंडला चाललेत, मीही जाऊ का?’ अब्बा वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नाहीत, अम्मी चहाचा कप उचलून स्वयंपाकघरात जाते आणि विषय तिथेच मिटतो. मिटतो म्हणजे मुलगा तो मोबाइलवर पुढे चालू ठेवतो, घरच्यांना न विचारता. थायलंड म्हणजे पट्टाया आणि बँकॉकच्या रात्री असं समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे, आणि ते सगळंच खोटं आहे असंही नाही. पण त्या देशाच्या उत्तरेला डोंगरांच्या कुशीत चियांग माय नावाचं एक शहर आहे. तिथले कॉलेजचे पोरंपोरी संध्याकाळी काय करतात हे पाहिल्यावर आमची खात्री झाली की ‘नको’ म्हणण्याआधी आपल्याला निदान एवढं तरी विचारता यायला हवं : थायलंडमध्ये कुठे, आणि कसं?

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिथे आठ दिवस होतो. आम्ही दोघं, दुसऱ्या वर्षाला असलेली आमची लेक आणि नुकता नोकरीला लागलेला पुतण्या. निघण्यापूर्वीच घरात एक करार झाला होता : कार्यक्रम मुलं ठरवतील, मोठे फक्त दोन गोष्टी पाहतील, जेवण हलाल आहे ना आणि नमाजची सोय आहे ना. बाकी आम्ही मागून चालायचं. या सदरात आजवर आम्ही बऱ्याच प्रवासांविषयी लिहिलं, पण मागून चालण्याचा हा प्रवास पहिलाच.

आधी शहराविषयी थोडं. ‘चियांग’ म्हणजे शहर, ‘माय’ म्हणजे नवं. हे नवं शहर राजा मंगराय याने 1296 साली वसवलं, म्हणजे सव्वासातशे वर्षं झाली तरी नाव नवंच. ही लान्ना राज्याची राजधानी होती. पुढे दोनशे वर्षांहून जास्त काळ इथे ब्रह्मदेशाची सत्ता होती, आणि सयामच्या राज्यात हा मुलूख खऱ्या अर्थाने मिसळला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणून इथली बोली, जेवण, कपडे बँकॉकपेक्षा वेगळे आहेत, आणि इथल्या लोकांना त्याचा मनातून अभिमान आहे. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे, त्यात पाणी आणि काठाने झाडं. पश्चिमेला दोइ सुथेप हा डोंगर. किब्लाही साधारण त्याच दिशेला, पश्चिमेला किंचित उत्तरेकडे झुकून. त्यामुळे पहिल्याच दिवशी आमचा एक प्रश्न सुटला : डोंगर दिसला की दिशा सापडली.

बँकॉकहून विमानाने जाता येतं, पण तिथली मुलं रात्रीच्या रेल्वेने किंवा बसने जातात. आम्हीही रेल्वेच घेतली. बारा-तेरा तासांचा प्रवास, स्वच्छ बर्थ, सकाळी खिडकीबाहेर धुक्यातले डोंगर. पोचल्यावर शहरात फिरायला ‘रोत देंग’, म्हणजे लाल गाडी. पिकअपच्या मागे समोरासमोर दोन बाकं. हात करायचा, कुठे जायचं ते सांगायचं, चालकाला त्या बाजूला जायचं असेल तर तो मान हलवतो, नसेल तर निघून जातो. आधीच बसलेले चार लोक सरकून जागा देतात. उतरायचं असलं की छताजवळचं बटण दाबायचं आणि पैसे उतरून द्यायचे. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना आणखी समजावायला नको, हे वडापच आहे, फक्त कोंबाकोंबी कमी. शहरातल्या शहरात माणशी तीसेक बाट पडतात. आम्ही गेलो तेव्हा एक बाट म्हणजे साधारण अडीच-पावणेतीन रुपये होते. स्कूटर भाड्याने मिळते आणि पुतण्याचा जीव तिच्यावर गेला होता, पण आंतरराष्ट्रीय परवाना नसताना ती घेऊ द्यायची नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. रस्त्यावर तपासणी होते, आणि अपघात झाला तर विमाही हात वर करतो. या एका बाबतीत मोठ्यांनी मागून चालू नये.

आता जेवण, कारण घरातल्या शांततेचं निम्मं कारण तेच असतं.

चियांग मायचं सर्वांत लाडकं जेवण म्हणजे खाओ सोय. नारळाच्या दुधातला मसालेदार रस्सा, त्यात अंड्याच्या मऊ शेवया, वरून त्याच शेवया कुरकुरीत तळून, बाजूला आंबवलेली मोहरीची पानं, छोटे कांदे, लिंबू आणि तेलात परतलेली मिरची. तिथली मुलं परीक्षा संपली की हे खातात, भांडण झालं की हे खातात, पाऊस आला की हे खातात. या पदार्थाशी जोडलेली माणसं आहेत ती चीनच्या युनान प्रांतातले मुसलमान. तिथे त्यांना ‘चिन हो’ म्हणतात. हे खेचरांचे तांडे घेऊन चालणारे व्यापारी. युनानातून निघायचे, डोंगर ओलांडत चियांग मायला यायचे आणि पुढे ब्रह्मदेशातल्या मोलमेन बंदरापर्यंत जायचे. युनानात 1856 ते 1873 या काळात मुसलमानांचा मोठा उठाव झाला. तो चिरडला गेल्यावर बरीच कुटुंबं ब्रह्मदेशात आणि सयामच्या उत्तरेला आली आणि राहिली. त्यातले काही पुढे या शहराचे मोठे लोक झाले. एका युनानी मुसलमान तांडेवाल्याला थायलंडच्या राजाने ‘खुन’ ही पदवी दिली होती, आणि चियांग मायच्या विमानतळासाठी त्याने स्वतःची जमीन दिली.

मुंबईच्या मेमण आणि सुरती घरांतल्या वाचकांना हे वाचताना काहीतरी ओळखीचं वाटलं असेल. तुमच्या दस्तरखानावरचा खावसा! ब्रह्मदेशात व्यापाराला गेलेली माणसं परत आली ती हा पदार्थ घेऊन. खाओ सोय आणि खावसा म्हणजे एका कुळातले चुलत भाऊ, एक डोंगरात राहिला, एक समुद्राकडे आला. आमच्या लेकीने पहिला घास घेऊन जाहीर केलं की शेजारच्या खालांचा खावसा जास्त चांगला. आम्ही मत राखून ठेवलं. दुसरी वाटी मागवल्यावर तिने स्वतःच ते बदललं.

हे खायचं कुठे? चारोएन प्रथेत रस्त्याच्या पहिल्या गल्लीत, नाइट बझारपासून पायी पाच मिनिटांवर, बान हो मशीद आहे. मशिदीचं नाव हिदायतुल इस्लाम. अरबी आणि चिनी अक्षरं एकाच वास्तूवर पाहण्याची आपल्याला सवय नाही, त्यामुळे मुलं तिथे बराच वेळ उभी राहिली. त्याच गल्लीत ‘खाओ सोय इस्लाम’ हे जुनं दुकान आहे, आणि आसपास हलाल जेवणाची आणखीही दुकानं. बीफ किंवा चिकनचा खाओ सोय, खाओ मोक म्हणजे तिथली पिवळी बिर्याणी, बैलाच्या शेपटीचं आंबट सूप. साठ-सत्तर बाटांत पोट भरतं. दुसरीकडे मात्र डोळे उघडे ठेवा. उत्तरेतलं जेवण डुकराच्या मांसावर आणि चरबीवर उभं आहे. ‘साय उआ’ हे तिथलं प्रसिद्ध मसालेदार सॉसेज मुळात डुकराचंच, मुसलमान दुकानांत ते बीफचं किंवा चिकनचं मिळतं. हिरव्या मिरचीची भाजलेली चटणी, ‘नाम फ्रिक नुम’, आपल्या ठेच्याची सख्खी बहीण आहे, पण तिच्यासोबत वाढतात ती तळलेली डुकराची सालं. म्हणून दोन वाक्यं पाठ करा : ‘आहान इस्लाम’ म्हणजे मुसलमानी जेवण, आणि ‘माय साय मू’ म्हणजे डुकराचं मांस घालू नका. पण नुसतं दुसरं वाक्य पुरत नाही, कढई एकच असते. पाकिटावरच्या खाऊवर चौकटीच्या आकाराचं, टोकावर उभं असलेलं हलाल चिन्ह असतं, ते शोधा. दुकान सापडलंच नाही तर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेलं ‘जे’ जेवण, त्यात मांस, मासे, अंडं काहीच नसतं.

बान होमध्ये जायचा खरा दिवस शुक्रवार. त्या सकाळी मशिदीजवळच्या मोकळ्या जागेत बाजार भरतो. उत्तरेत बाजाराला ‘काद’ म्हणतात. डोंगरातून युनानी, शान आणि इतर जमातींची माणसं माल घेऊन येतात : आंबवलेल्या सोयाबीनच्या चकत्या, सुकं बीफ, चण्याच्या पिठाची शान खांडवी, डोंगरी लसूण, नावं न कळलेल्या पाच-सहा पालेभाज्या. अर्धा बाजार हिजाबात आणि अर्धा डोंगरी टोप्यांत. सकाळी बाजार, दुपारी जुमा. जुम्याच्या वेळी शेजारी बसलेला माणूस चिनी चेहऱ्याचा, पुढचा मलाय वाटणारा, मागच्याचे पूर्वज बंगालकडून ब्रह्मदेशमार्गे आलेले. उपखंडातून आलेल्या या कुटुंबांची वस्ती चांग ख्लान आणि चांग फुएक भागांत आहे, त्यांच्या मशिदी तिथे आहेत. रस्त्याकडेला केळं आणि कंडेन्स्ड मिल्क घालून जी रोटी विकतात, तो तव्यावर हवेत फिरवलेला मैद्याचा पडदा, तीही बहुधा अशाच हातांची. चाळीसेक बाटांत दोघांचं भागतं. तिथल्या मुलांचा रात्री नऊनंतरचा हा आवडता कार्यक्रम.

याच गल्लीत खाओ सोय खाताना आमची एका मुलीशी ओळख झाली. चियांग माय विद्यापीठात शिकणारी, युनानी घरातली. पणजोबा तांड्यासोबत आले होते. पांढरा गणवेशाचा शर्ट, काळा लांब स्कर्ट आणि हिजाब. (तिथे विद्यापीठातही गणवेश असतो. आपल्या मुलांना हे सांगून पाहा.) तिने आमच्या लेकीला पहिला प्रश्न विचारला तो वयाचा. कारण त्यावरून ठरतं हाक कशी मारायची : मोठी असेल तर ‘फी’, लहान असेल तर ‘नोंग’. दुकानातल्या बाईला ‘पा’, म्हणजे मावशी, आणि गाडीवाल्याला ‘लुंग’, म्हणजे काका. आपणही भाजीवाल्याला चाचा आणि शेजारणीला आपा म्हणतोच की. एकदा ‘लुंग’ म्हणायला शिकल्यावर पुतण्याचं काम लाल गाडीत कधी अडलं नाही.

पुढचे चार दिवस आम्ही तिच्या शहरात फिरलो. त्या शहरात पर्यटकांची यादी जवळजवळ नव्हतीच.

संध्याकाळी पाच वाजता विद्यापीठातलं आंग काएव हे तळं. 1964 साली सुरू झालेलं हे विद्यापीठ डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि आवारात आहे हे तळं. मुलं धावतात, गवतावर बसून अभ्यास करतात, गिटार वाजवतात, जास्त करून काहीच करत नाहीत. डोंगरामागे सूर्य गेला की सगळे मोबाइल एकाच दिशेला वळतात. जुन्या शहराच्या कोपऱ्यातल्या नोंग बुआक हात बागेत भाड्याने चटई मिळते, दहा-वीस बाटांत संध्याकाळ तुमची. ठीक सहा वाजता राष्ट्रगीत लागतं आणि धावणारा, खाणारा, हसणारा प्रत्येक माणूस जागच्या जागी उभा राहतो. संपलं की जणू काही झालंच नव्हतं. मग पुन्हा संगीत, आणि पन्नास-साठ बायका-पुरुष मोकळ्या जागेत एकत्र व्यायाम करू लागतात. पैसे लागत नाहीत की नाव नोंदवावं लागत नाही. आमच्यापैकी एक जण मागच्या ओळीत उभं राहिलं. कोण, ते इथे सांगणार नाही.

जेवायला ‘काद ना मो’, विद्यापीठाच्या दारासमोरचा बाजार. जुने कपडे, बॅगा, चष्मे, फळांचे थंड पेय, तळलेलं काय काय. तिथेही हलालची पाटी शोधावी लागते, पण फळं आणि पेयांवर तर बंदी नाही. ‘चा येन’ हा नारिंगी रंगाचा थंड चहा इतका गोड असतो की साखरेचा आजार असलेल्यांनी लांबूनच सलाम करावा. मुलं मागवताना ‘वान नॉय’ म्हणतात, म्हणजे गोड कमी. तेही आपल्या बासुंदीच्या जवळ जातंच.

आणि कॉफी. याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथल्या तरुणांच्या बसण्या-उठण्याची जागा कॉफीचं दुकान आहे. निम्मानहेमिन रस्त्यावर आणि त्याच्या गल्ल्यांत ही दुकानं अक्षरशः भिंतीला भिंत लावून आहेत. कॉफीच्या पेल्यावर दुधाने चित्र काढण्याची जागतिक स्पर्धा 2017 साली याच शहरातल्या आर्नोन थितिप्रासेर्त यांनी जिंकली. पण आम्हाला आवडली ती त्यामागची शेती. आजूबाजूच्या डोंगरांत एके काळी अफू पिकायची. 1969 साली राजा भूमिबोल यांनी डोंगरातल्या जमातींसाठी प्रकल्प सुरू केला : अफूच्या जागी कॉफी, स्ट्रॉबेरी, पीच, भाज्या लावा, रोपं आणि बाजारपेठ आम्ही देतो. हे एका वर्षात झालं नाही, दशकं लागली. पण आज त्याच डोंगरांतल्या शेतकऱ्यांची मुलं शहरात कॉफी भाजतात, दुकानं चालवतात, आणि पाटीवर गावाचं नाव लिहितात. एका पेल्यावर तीन तास बसता येतं, कोणी उठवत नाही. मुलगे-मुली एकत्र बसलेले असतात, लॅपटॉप उघडे, आणि रात्री आठ-नऊला घरी. दारूचे अड्डेही त्याच भागात आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. तरुणांपुढे दोन्ही दारं उघडी आहेत, आणि बहुतेक वेळा ते कॉफीच्या दारातून आत जाताना दिसतात एवढंच आम्ही पाहिलं.

देवळांबद्दल बऱ्याच घरांत प्रश्न असतो. शहरात ती पावलापावलावर आहेत, आणि लाकडावरचं कोरीव काम पाहण्यासारखं आहे. पाहायला जाणं आणि पूजेला बसणं यातला फरक आपल्या मुलांना कळतो. अंगभर कपडे, बाहेर चपला, मूर्तीकडे पाय करून बसू नये, बायकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, एवढं पाळलं की झालं. विद्यापीठाची एक जुनी रीत आहे : पहिल्या वर्षाची मुलं वरिष्ठांसोबत दोइ सुथेपवर पायी चढतात, दहा-बारा किलोमीटर, गाणी म्हणत, वाद्यं वाजवत. दमलेल्याला मधे धरून चालवत नेतात. आमच्या लेकीने विचारलं, ‘रॅगिंग नाही?’ उत्तर आलं, ‘हेच रॅगिंग.’

रविवारी संध्याकाळी था फे दरवाजापासून आत रस्ताभर बाजार भरतो आणि गाड्या बंद होतात. सुंदर आहे, पण गर्दी इतकी की पाऊल उचलायला जागा नाही. तिथली मुलं त्याऐवजी शनिवार-रविवारच्या सकाळी जिंग जाय बाजारात जातात, जिथे शेतकरी आणि हाताने वस्तू बनवणारे तरुण स्वतः बसतात. हस्तकलेसाठी 2017 साली युनेस्कोने या शहराला सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं. खरेदी करायचीच असेल तर इथे करा. शहराबाहेर बुआ तोंगचा धबधबा आहे, चुनखडीवर बाहेर पाणी वाहत असताना अनवाणी वर चढत जायचं, पाय घसरत नाही. साठेक किलोमीटर, दिवस मोडतो. डबा सोबत न्यावा. आम्ही बान होमधून भाजलेलं चिकन आणि चिकट भात बांधून नेला आणि दगडावर बसून खाल्ला, तेच जेवण मुलं आजही आठवतात.

त्या दिवशी खाली उतरताना पाण्यात खेळणाऱ्या एका बाईने त्या मुलीला इंग्रजीत विचारलं, कोणत्या देशाची? हिजाब पाहून विचारलं असावं. मुलीने उत्तरेच्या खास बोलीत, वाक्याच्या शेवटी तिथल्या बायका लावतात तो लाडिक ‘जाव’ लावून उत्तर दिलं. बाई आधी दचकली, मग खो-खो हसली आणि दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. आमची लेक आमच्याकडे वळून म्हणाली, ‘अय्या, तुम्ही किती छान मराठी बोलता!’ आम्ही चौघंही हसलो. तिला आम्ही अर्थ समजावून सांगितला. तिने मान डोलावली. म्हणाली, आमच्याकडे आठवड्यातून एकदा होतं, तुमच्याकडे? मग दोघी मुलींनी वेगवेगळे किस्से सांगायला सुरुवात केली, ते गाडी शहरात येईपर्यंत संपले नाहीत. तिच्या एका किश्श्यात शिक्षक होते, आमच्या लेकीच्या किश्श्यात घरमालकीण. बाकी सगळं सारखंच.

कधी जावं? नोव्हेंबर ते जानेवारी. हवा थंड, आकाश स्वच्छ. नोव्हेंबरच्या पौर्णिमेला कंदिलांचा सण असतो, तेव्हा खोल्या आधीच ठरवा. एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रान, त्यांचं नवं वर्ष, खंदकाकाठी सगळं शहर एकमेकांवर पाणी उडवतं. पण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शहरावर धूर असतो. जंगलात आणि शेतात आगी लागतात आणि लावल्या जातात, शेजारच्या देशांतूनही धूर येतो, आणि डोंगरांच्या वाटीत तो साचून राहतो. काही दिवस तर डोंगरच दिसत नाही. लहान मुलं, दम्याचे रुग्ण आणि वयस्क माणसं असतील तर या दिवसांत अजिबात जाऊ नका. 2023 साली या धुराविरुद्ध चियांग मायच्या नागरिकांनी सरकारला न्यायालयात खेचलं, आणि जानेवारी 2024 मध्ये तिथल्या प्रशासकीय न्यायालयाने सरकारला नव्वद दिवसांत तातडीची योजना करायला सांगितलं. आम्ही मुलीला विचारलं, मार्चमध्ये तुम्ही काय करता? ती म्हणाली, मास्क लावून वर्गात बसतो, खिडक्या बंद, तळ्याकाठी कोणी जात नाही, आणि आजीला दक्षिणेत मामाकडे पाठवतो.

प्रवेशाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या सूचना पाहा. पोचण्यापूर्वी ऑनलाइन भरायचं एक आगमनपत्रही मे 2025 पासून सक्तीचं झालं आहे, ते फुकट भरता येतं, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. मुक्कामासाठी मुलं एकटी जाणार असतील तर बान हो किंवा चांग ख्लानच्या जवळपास खोली घ्यायला सांगा. पहाटे अजान ऐकू येते आणि नाश्ता दाराशी मिळतो.